विषाणूजन्य आजार आणि टूडी इको : लक्ष उजव्या कप्प्याकडे कसे वळले

२०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील करोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक होता. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांपैकी कोणाची प्रकृती पुढे ढासळणार, हे आधी ओळखता येईल का, हा प्रश्न त्या दिवसांत खानदेशातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागापुढे होता. या प्रश्नाचे एक उत्तर हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे टूडी इकोत होते; मात्र ते हृदयाच्या ज्या भागात सापडले, त्याकडे वैद्यकशास्त्राने अनेक दशके पुरेसे लक्ष दिले नव्हते.

स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी, धातूतील दोष शोधण्यासाठी बनवलेल्या उपकरणाने धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम नोंदवले. एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी मायट्रल झडप किती अरुंद झाली आहे हे तपासायचे होते, आणि ही झडप डाव्या बाजूची. पुढे हृदयविकाराच्या झटक्यामुळेही डाव्या जवनिकेचेच, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याचेच, मोजमाप महत्त्वाचे ठरले आणि तिचा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे आत भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा, हाच हृदयाच्या ताकदीचा निकष मानला जाऊ लागला. उजवी जवनिका छातीच्या हाडामागे असते, तिचा आकार चंद्रकोरीसारखा वाकडा असतो, त्यामुळे ती मोजमापाच्या सूत्रात बसत नव्हती. १९८४ मध्ये संजीव कौल आणि सहकाऱ्यांनी सोपी वाट दाखवली : उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची कडा प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या टोकाच्या दिशेने किती सरकते, एवढेच मोजायचे. या मापाला टॅप्सी म्हणतात आणि ते १७ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास उजवी जवनिका दुबळी मानली जाते.

विषाणूजन्य न्यूमोनियात हेच माप का बोलके ठरते, याचे कारण फुप्फुसांत आहे. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात, हे फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्येच दाखवले होते. करोनात त्यात सूक्ष्म गुठळ्यांची आणि व्हेंटिलेटरच्या दाबाची भर पडली, आणि हा सगळा भार पातळ भिंतीच्या उजव्या जवनिकेवर आला. तेल अवीवमध्ये दाखल झालेल्या १०० रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात उजव्या जवनिकेचा विस्तार किंवा दुबळेपणा ३९ जणांत आढळला, तर डाव्या जवनिकेची आकुंचनशक्ती केवळ १० जणांत घटलेली होती. त्याच वर्षी वुहानमधील १२० रुग्णांच्या अभ्यासात उजव्या जवनिकेचा स्ट्रेन, म्हणजे तिच्या स्नायूचे लांबीच्या दिशेने होणारे आखडणे, मृत्यूच्या शक्यतेशी निगडित असल्याचे दिसले. केवळ इजेक्शन फ्रॅक्शन चांगला आहे म्हणून नातेवाइकांना निर्धास्त करणे अशा आजारात धोक्याचे आहे, असे या अभ्यासांवरून ठामपणे म्हणावेसे वाटते.

स्ट्रेनसाठी वेगळे सॉफ्टवेअर आणि स्वच्छ प्रतिमा लागते. टॅप्सी मात्र जुन्या एम-मोडवरही, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल टिपणाऱ्या साध्या पद्धतीनेही, निघते, म्हणून धुळे किंवा नंदुरबारसारख्या ठिकाणी मला ती अधिक मोलाची वाटते. पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र हवे तेथे नेण्यास गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांची २०१२ पासून मर्यादा आहे. खानदेशातील मुलींचे घटते प्रमाण पाहता ती रास्तच आहे, पण त्यामुळे दुर्गम भागातील रुग्णाला नोंदणीकृत केंद्रापर्यंत किंवा फिरत्या वैद्यकीय पथकापर्यंत वेळेत पोहोचवणे अधिक निकडीचे ठरते.

परदेशी अभ्यासांतील सीमारेषा येथे जशाच्या तशा लावण्यात आणखी एक अडचण आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रियांना फुप्फुसाचा जुनाट आजार असू शकतो, आणि सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. या दोन्हींमुळे फुप्फुसातील रक्तदाब ताप येण्यापूर्वीच वाढलेला असू शकतो आणि टॅप्सी आधीच उतरलेली असू शकते. अशा रुग्णात एकाच आकड्यावरून निदान न करता दाखल होताना आणि श्वास बिघडताच पुन्हा इको काढून दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहावी लागतात.