नळीच्या बाजूने उतरणारी लाळ

पावसाळ्यात खान्देशातल्या आयसीयूंमध्ये दोन तऱ्हांचे रुग्ण व्हेंटिलेटरवर दिसतात. एक, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले. दुसरे, जमिनीवर झोपलेले असताना मण्यार चावलेले. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तसे गिळण्याचेही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक शरीरात गेलं असेल तर लाळेचा नुसता पूर येतो. मण्यारीच्या रुग्णाची फुफ्फुसं मुळात धड असतात. विष उतरलं की तो सुटायला हवा, पण मध्येच न्यूमोनिया गाठतो, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा तोंडातल्या लाळेतून होते.

धडधाकट माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आपण ती नकळत गिळतो. घशातून श्वासनलिकेत नळी घातलेल्याला ते जमत नाही. नळीच्या खालच्या टोकाजवळ एक फुगा असतो. वॉर्डात त्याला 'कफ' म्हणतात, पण छातीतला कफ वेगळा, म्हणून इथे फुगाच म्हणू. फुगा फुगवला की वाट बंद, असा समज आहे. तो चुकीचा आहे. फुगलेल्या फुग्यालाही बारीक चुण्या पडतात आणि वर साचलेली, जंतूंनी भरलेली लाळ त्या चुण्यांतून थेंब थेंब खाली झिरपते. फुग्यातला दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर गळती वाढते. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबून जखम होते. बोटाने चेपून याचा अंदाज येत नाही, दर पाळीला मापकानेच मोजावा.

म्हणून लाळ सक्शनने, म्हणजे यंत्राच्या ओढीने, वरच्यावर काढायची. नेमकी कधी, हे सर्वांत महत्त्वाचं. कूस बदलण्याआधी, चादर बदलायला पलंग सपाट करण्याआधी, सीटी स्कॅनला नेण्याआधी. धडगावसारख्या ठिकाणाहून घाटरस्त्याने नंदुरबार किंवा धुळ्याला हलवायचं असेल तर गाडी सुटण्याआधी. शरीर हललं की साचलेली लाळही हलते. आधी कूस वळवून मग सक्शन करणं म्हणजे उशीर झालाच. एरवीही दर दोन ते चार तासांनी तोंड पाहावं, लाळ जास्त असेल तर त्याहून लवकर.

हात धुऊन हातमोजे आणि मास्क घालावा. मणक्याची इजा किंवा खूप उतरलेलं बीपी नसेल तर उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली असावी. सक्शनची नळी अंगठ्याने बंद करून मीटर पाहावा, 80 ते 120 मिलिमीटर पारा पुरे. ओढ कमी वाटली तर दाब वाढवण्याआधी बाटलीचं झाकण सैल आहे का, बाटली भरली आहे का, नळी मुडपली आहे का, ते बघावं. मग यांकर, म्हणजे तोंडातली लाळ ओढायचं कडक, वाकडं टोक, गालाच्या आतून न्यावं. गालाचे दोन्ही खळगे, जिभेखाली, शेवटी घशाचा मागचा भाग. एका वेळी 10 ते 15 सेकंदच. घशात खोल टोचलं तर उमासा येतो आणि पोटातलं वर येतं, म्हणजे टाळायचं तेच घडतं. ओठांजवळ श्वासाच्या नळीवर किती सेंटिमीटरचा आकडा आहे तो आधी आणि नंतर पाहावा. आकडा बदलला तर नळी सरकली.

तोंडात फिरवलेलं टोक किंवा कॅथेटर (सक्शनची मऊ, बारीक नळी) श्वासाच्या नळीत कधीही घालू नये. यांकर उशीखाली खोचलेलं किंवा पलंगाला उघडं लटकलेलं दिसतं, तेही धोक्याचं. वापरून झाल्यावर निर्जंतुक पाणी ओढून धुवावं आणि स्वच्छ वेष्टनात ठेवावं. दात रोज ब्रशने घासावेत. श्वासाच्या काही नळ्यांना फुग्याच्या वरची लाळ ओढायला वेगळं तोंड असतं. दोन-तीन दिवसांहून जास्त व्हेंटिलेटर लागेल असं दिसत असेल तर तशी नळी घालणं फायद्याचं.

मण्यारीचा रुग्ण डोळे मिटून निपचित दिसला तरी त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. तोंडात काही घालण्याआधी त्याला सांगावं. ओठ सुकलेले पाहून नातेवाईक चमच्याने पाणी पाजू पाहतात. माया खरी, पण ते पाणीही थेट फुग्यावर जाऊन साचतं. नर्सला सांगून ओलसर गॉजने ओठ पुसून घ्यावेत.

नळी काढायची वेळ आली की पुन्हा तोंड, मग घसा पूर्ण स्वच्छ करावा आणि त्यानंतरच फुग्यातली हवा सोडावी. उलट केलं तर फुग्यावर साचलेलं सगळं एका दमात फुफ्फुसात उतरतं.