लुईची ७२ वर्षं आणि 'आंपार्फे'

फ्रेंचच्या वर्गात एक नियम हमखास कानावर पडतो: भूतकाळ दोन, काम लांबलं तर 'आंपार्फे', झटकन उरकलं तर 'पासे कोंपोझे'. मीही तो घोकला होता. नियम सोपा आहे, फक्त चुकीचा आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६४३ ते १७१५ असा तब्बल ७२ वर्षं गादीवर होता. याहून लांबलेलं काम कुठलं? तरी त्याने '७२ वर्षं राज्य केलं' हे सांगताना फ्रेंच माणूस 'इल् आ रेन्ये' म्हणतो, म्हणजे पासे कोंपोझे. उलट '१७०० साली लुई राज्य करत होता' इथे 'रेन्यॅ', आंपार्फे! राजा तोच, राज्य तेच. बदलली ती बघणाऱ्याची जागा. गाडी बोगद्यात असताना आतल्या माणसाला कुठलंच तोंड दिसत नाही, नुसता अंधार चालू असतो. समोरच्या डोंगरावरून मात्र दोन्ही तोंडं दिसतात. '७२ वर्षं' म्हटलं की आपण त्या डोंगरावर गेलो; '१७०० साली' म्हटलं की बोगद्यात.

आंपार्फे या शब्दाचा अर्थच 'अपूर्ण'. शाळेतला अपूर्ण भूतकाळ आठवा. फक्त याच्या पोटात आपला रीती भूतकाळही मावतो. 'ज लिझे' म्हणजे 'मी वाचत होतो' आणि 'मी वाचायचो'सुद्धा.

वर्तमानकाळात 'ज मांज' म्हणजे खातो आणि खातोय, दोन्ही. अगदी आत्ता चाललंय हे ठसवायचं असेल तरच 'आं त्रॅं द' जोडतात. (त्यातला 'त्रॅं' आगगाडीवरून आलेला नाही, रूळ पडण्याच्या कितीतरी आधीपासून तो शब्द फ्रेंचमध्ये आहे.) यावरून 'फ्रेंच माणसं क्षणात जगतात' असलं सुभाषित कुणी पाठवलं, तर खुशाल डिलीट करा.

'दप्वी' म्हणजे 'पासून' आला की मराठी माणसाची चैन असते. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो' याचं 'जाबित इसी दप्वी दिझां', सरळ वर्तमानकाळ. आपण उगाच इंग्रजीच्या वळणाने जाऊन तिथे पासे कोंपोझे घालतो. नकारार्थी वाक्यात तो चालतोही, पण भूतकाळात बसून मागे बघायचं असेल तर पुन्हा आंपार्फेच: १७०० साली लुई ५७ वर्षांपासून राज्य करत होता, 'इल् रेन्यॅ दप्वी...'