लपवलेला रुग्ण

साथ आटोक्यात आणायची तर आजारी कोण आहे हे आधी कळावं लागतं, आणि ते सांगणार घरचेच. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या साथीत नेमकी हीच वाट बंद झाली.

प्लेग कमिटीचे प्रमुख वॉल्टर रँड यांनी घरझडतीला गोरे सोल्जर लावले. ते माजघरापासून देवघरापर्यंत शिरत, सामान बाहेर काढून जाळत. रुग्णाची रवानगी इस्पितळात, घरच्यांची सेग्रिगेशन म्हणजे विलगीकरण कॅम्पात. त्यामागे बळ होतं फेब्रुवारी १८९७च्या साथरोग कायद्याचं. (करोनात मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं हाच कायदा वापरला.) लोक मग रुग्ण लपवू लागले, प्रेतंसुद्धा. लपवलेला रुग्ण ना उपचाराला येतो, ना नोंदीत. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. रुग्ण लपवल्यानं साथीचं काय झालं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

शिवाय सरकारचं ज्ञानही तेव्हा अर्धवटच होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. भिंतींना चुना आणि जमिनीवर कार्बोलिक हे जंतुनाशक मारून पिसवा थोड्याच हटणार?

१८९७च्याच जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते तगले. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. खोजा समाजाचे धर्मगुरू तरुण आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतली, तेव्हा हजारो खोजा मंडळी पुढे आली. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. इथं लोकांना नाही म्हणायची मुभा होती, म्हणून त्यांच्या होकाराला वजन होतं.

पण असा विश्वास सांभाळावा लागतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. जमिनीवर पडलेल्या चिमट्यानंच त्या बाटलीचं बूच काढलं होतं, असं पुढे उघड झालं. तरी ठपका आला हाफकिन यांच्यावर आणि त्यांच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर. ते निर्दोष ठरले १९०७ मध्ये. तोवर पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम कोलमडली होती, आणि प्लेग तिथं लाखो माणसं नेत होता.