अठराव्या वाढदिवसाच्या आधी: घरी सांभाळल्या जाणाऱ्या मुलांसाठी कायदेशीर पालकत्व, निरामय विमा आणि मासिक अनुदान

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाच्या बाबतीतही तसेच. आई त्याला आंघोळ घालते, भरवते, औषधे देते. पण वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बँक खात्यावर सही करण्याचा तिचा अधिकार संपतो. खाते अडकते, मुदत ठेव मोडता येत नाही, आणि 'पालक म्हणून तुमचा कागद दाखवा' असे बँकेच्या खिडकीवर ऐकावे लागते. तो कागद म्हणजे नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र. नेमके याच वयात अपंगत्वाचे प्रमाणपत्र नव्याने काढावे लागते आणि मासिक अनुदानाचा अर्ज करता येतो. त्यामुळे सगळी कामे साडेसतराव्या वर्षापासूनच एका ओळीत लावून घ्यावीत.

हा कायदा कोणासाठी आहे

नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ (याच कायद्याने नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था उभी राहिली) चार गटांपुरताच आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. ती यादी आणि ही यादी यांत गल्लत करू नये. केवळ अंधत्व, कर्णबधिरता किंवा अस्थिव्यंग असलेली सज्ञान व्यक्ती स्वतःचे व्यवहार स्वतः करते. तिला या कायद्याखाली पालक नेमत नाहीत. मानसिक आजार असलेल्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये 'नामनिर्देशित प्रतिनिधी' अशी वेगळी सोय आहे. अपघातानंतर कोमात गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही या समितीकडे जाऊन उपयोग नाही. त्यांना उच्च न्यायालयातच जावे लागते. चुकीच्या दारात सहा महिने घालवण्यापेक्षा हे आधी पाहून घ्यावे.

पहिला कागद: अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र लहानपणी काढले असेल तर त्यावर नूतनीकरणाची तारीख असते. पाच, दहा आणि अठरा या वयांना फेरतपासणी होते. अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र मात्र कायमचे असते. म्हणून सतराव्या वर्षी घाईने काढलेल्या जुन्या पद्धतीच्या दाखल्यावर पुढची कामे उभी करू नका.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, या दोन्हींसाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, रहिवासाचा पुरावा आणि फोटो लागतो. रुग्णालय निवडले की तपासणीसाठी बोलावणे येते. जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ बुद्धिगुणांकाची चाचणी घेतात आणि त्यानंतर वैद्यकीय अधिकारी टक्केवारी ठरवतात. जाताना शाळेचे अहवाल, आधीच्या चाचण्या आणि झटक्यांची औषधे चालू असल्यास त्याच्या चिठ्ठ्या घेऊन जा. अनोळखी जागी मूल बिथरले तर चाचणी अर्धवट राहते आणि पुन्हा तारीख मिळते. मूल सकाळी शांत असते की दुपारी, हे पाहून वेळ मागून घ्यावी. यूडीआयडी कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: ४० पेक्षा कमी असेल तर पांढरा, ४० ते ७९ असेल तर पिवळा, ८० आणि वर असेल तर निळा. पुढच्या बहुतेक लाभांना किमान ४० टक्के लागतात.

सर्वांत जास्त अर्ज नावावरून अडतात. शाळेत 'आडनाव, नाव, वडिलांचे नाव', आधारवर 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' आणि बँकेत फक्त नाव-आडनाव, असा प्रकार घरोघरी असतो. आधी आधार नीट करा, मग आधारवर जसे आहे तसेच्या तसे यूडीआयडीवर घ्या. उलट क्रमाने केले तर दोन्ही दुरुस्त करावे लागतात.

पालकत्वाचा अर्ज

प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकारी, नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. कायद्याप्रमाणे समितीची बैठक दर तीन महिन्यांनी किंवा गरज पडेल तेव्हा व्हायला हवी. अर्ज करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्यातल्या नोंदणीकृत संस्थेत पुढची बैठक कधी आहे, एवढे विचारून घ्या. बैठकीच्या तोंडावर आलेला अपुरा अर्ज पुढच्या तिमाहीवर जातो.

अर्ज नमुना 'ए' मध्ये करायचा. दोन्ही पालक मिळून करू शकतात. मृत्यू, घटस्फोट किंवा परित्यागामुळे एकच पालक उरला असेल तर तो एकटा करू शकतो. भावंडे आणि इतर नातेवाईकही करू शकतात. कोणीच उरले नसेल तर नोंदणीकृत संस्था पुढे येऊ शकते. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आईवडील नैसर्गिक पालक असतातच, पण म्हणून कागद आधी तयार ठेवू नयेत असे नाही.

सोबत पाल्याचे आणि होणाऱ्या पालकाचे फोटो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, नाते दाखवणारा कागद (रेशन कार्ड चालते) आणि पालकाचे संमतीपत्र जोडावे. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. भावाला पालक करायचे असेल तर इतर भावंडांची ना-हरकत आधीच लेखी घ्यावी. सुनावणीच्या दिवशी बहिणीने वेगळे काही सांगितले की प्रकरण चौकशीला जाते.

पालक भारतीय नागरिक हवा. त्याला गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, तो दिवाळखोर नसावा, स्वतःच्या पोटापाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावा. एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. पाल्य मुलगी किंवा स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. विवाहित पुरुषाला पत्नीसोबत सहपालक करतात आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते. म्हणजे 'माझ्यामागे हिचा भाऊ बघेल' असे ठरवले असेल, तर वहिनीची कागदपत्रे आणि तिची मनापासूनची संमतीही लागणार. परदेशात स्थायिक झालेल्या भावाचे नाव सहज पुढे केले जाते. पण पाल्याजवळ राहणारा माणूस हवा, हे समिती पाहतेच.

सुनावणीला पाल्याला घेऊन जावे लागते. बोलता येत असेल तर समिती त्याच्याशीच बोलते. 'तुला जेवायला कोण देतं?' असा साधा प्रश्न असतो. त्याला पढवून नेऊ नका. तो आईकडे बोट दाखवतो, तेवढे पुरे असते. पालकाची खरोखर गरज आहे का आणि असल्यास कशाकशासाठी, हे ठरवणे समितीचे काम आहे. म्हणून अर्जात कारणे मोघम लिहू नका. 'सर्व व्यवहारांसाठी' असे न लिहिता 'बँक खाते चालवणे, रुग्णालयातील संमती, विम्याचे दावे, कौटुंबिक निवृत्तिवेतन' असे मुद्दे लिहा.

मंजुरी मिळाली की नमुना 'बी' मध्ये प्रमाणपत्र येते. बँकांनी ते मान्य करावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच दिली आहे. शाखेत न्यायालयाचा आदेश मागितला तर त्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. तोंडी नकारावर परत फिरू नका. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे पाल्याच्या नावची जमीन किंवा सदनिका विकण्याचा परवाना समजू नये. तसा प्रसंग आला तर वकिलाचा सल्ला घेऊन जिल्हा न्यायालयाचा मार्ग धरावा.

प्रमाणपत्र मिळाल्यावरचा हिशेब

इथे बहुतेक कुटुंबे चुकतात. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पालकाने पाल्याच्या मालमत्तेची यादी नमुना 'सी' मध्ये समितीला द्यायची असते. त्यात घरातला हिस्सा, ठेवी, दागिने, विमा पॉलिसी आणि देणी येतात. काहीच नसेल तर तसे लिहून द्यावे, पण कागद द्यावा. त्यानंतर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, जमाखर्च नमुना 'डी' मध्ये द्यायचा.

पोटच्या मुलाच्या डायपरचा हिशेब सरकारला द्यायचा, हे आईवडिलांना टोचते. ते समजण्यासारखे आहे. पण हीच तरतूद तुमच्या पश्चात त्याचे रक्षण करणार आहे. उद्या पालक झालेल्या पुतण्यालाही हाच हिशेब द्यावा लागेल, आणि तुम्ही दहा वर्षे दिलेला असेल तर खर्च किती व्हायला हवा याचा आधार समितीकडे तयार असेल. साधी वही पुरते: औषधे, थेरपी, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, डायपर, कपडे. महिन्याला एक पान.

पालक दुर्लक्ष करत असेल, छळ करत असेल किंवा पैसे लाटत असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करू शकते. जास्त वेळ खोलीत एकटे कोंडून ठेवणे, साखळीने बांधणे, वळ उठेपर्यंत मारणे, लैंगिक अत्याचार, अन्न-पाणी-कपडे न देणे, तज्ज्ञांनी सांगितलेले प्रशिक्षण न देणे, हे सगळे त्यात येते. समिती पालकाचे म्हणणे ऐकते, कारणे लेखी नोंदवून त्याला काढू शकते, आणि काढलेल्या पालकाला मालमत्तेचा ताबा व हिशेब द्यावा लागतो.

निरामय विमा

याच चार गटांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि आधीपासून असलेल्या दुखण्यांसाठीही विमा लागू होतो. घरी सांभाळणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगाची बाब म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेली औषधे आणि नियमित थेरपी यांचा खर्चही मर्यादेत मिळतो. इतर आरोग्य विम्यांत हे सहसा मिळत नाही.

नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. नूतनीकरणाला अनुक्रमे ५० आणि २५० रुपये. आईवडिलांव्यतिरिक्त दुसरा कायदेशीर पालक असेल तर नोंदणी विनाशुल्क होते. अर्ज ऑनलाइन किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत करता येतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, पासबुक आणि लागू असल्यास दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो. विम्याचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. डिसेंबरात नोंदणी केली तरी ते मार्चअखेरच संपते, म्हणून फेब्रुवारीतच नूतनीकरणाला लागा.

खर्च आधी खिशातून करायचा आणि नंतर परत मागायचा. दावा उपचारानंतर ३० दिवसांत पाठवावा. थेरपीचे बिल 'एप्रिल महिना, ४,००० रुपये' असे एका ओळीत असेल तर ते हमखास परत येते. प्रत्येक सत्राची तारीख, सत्राचा दर, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का हवा. सोबत डॉक्टरांनी थेरपी लिहून दिल्याची चिठ्ठी, मूळ बिले, निरामय कार्डाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश. पाठवण्याआधी सगळ्याच्या प्रती काढून ठेवा.

संजय गांधी निराधार अनुदान

राज्य सरकारच्या या मासिक अनुदानाच्या अटी अशा: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक, आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० आहे. तलाठ्याने किंवा सेतूतल्या माणसाने सवयीने २१,००० सांगितले तर मागे फिरू नका. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झाले आहे, आधी ते १,५०० होते. वडील पगारदार असतील तर हा लाभ मिळणार नाही. उत्पन्न लपवून दाखला काढू नये, वसुली होऊ शकते.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून करायचा. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, आधार, रेशन कार्ड आणि पासबुक लागते. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अनुदान मंजूर होऊनही जमा होत नाही, तेव्हा पहिल्यांदा खाते आधारशी जोडले आहे का, की जुन्या बंद खात्याशीच जोडलेले राहिले आहे, हे बँकेत तपासा. पालकत्वाचे प्रमाणपत्र हाती असेल तर खाते उघडणे सोपे जाते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की अनुदान थांबते.

घरी माणूस ठेवताना

ब्युरोकडून येणाऱ्या बाई स्वतःला नर्स म्हणवत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा क्रमांक मागा. जेवण, स्वच्छता, फिरवणे यासाठी नोंदणी लागत नाही, पण नळीने भरवणे किंवा इंजेक्शन देणे हे अप्रशिक्षित माणसावर सोपवू नका. पोलीस पडताळणी करून घ्या आणि आधारची प्रत ठेवा. आईवडिलांना स्वतःला शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायचे असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 'समर्थ' योजनेतील केंद्रात काही दिवसांसाठी ठेवण्याची सोय जिल्ह्यात आहे का, हे आधी विचारून ठेवावे.

कोणत्याही कार्यालयाने लेखी अर्जाला उत्तर दिले नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. त्यासाठी प्रत्येक अर्जाची पोच हवीच. पोच, नमुना 'बी', यूडीआयडी, निरामय कार्ड, चालू औषधांची यादी आणि खर्चाची वही एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि ती फाईल कोणत्या कपाटात आहे हे घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.