रोबोटमध्ये ‘तीन नियम’ नसतात

‘रोबोट माणसाला इजा करूच शकत नाही, तसे तीन नियम त्याच्यात घातलेलेच असतात’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे खरं नाही. ते नियम आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ च्या एका विज्ञानकथेत मांडले. कारखान्यातल्या रोबोटला ‘माणूस’ कोण आणि ‘इजा’ म्हणजे काय, हेच कळत नाही. मग तो नियम पाळणार कसा?

२५ जानेवारी १९७९. अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला. रोबोट चालूच होता. त्याचा हात येऊन डोक्यावर आदळला आणि विल्यम्स जागीच गेला. यंत्र आपलं काम करत राहिलं. १९८३ साली ज्यूरीने रोबोट बनवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली.

जीव वाचतो तो जाळीच्या कुंपणामुळे, दार उघडताच यंत्र बंद पाडणाऱ्या स्विचमुळे, हाताशी असलेल्या लाल बटणामुळे. ते बसवायचं की खर्च वाचवायचा, हे माणसंच ठरवतात.

२०१८ मध्ये ॲरिझोनात उबरच्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. सेन्सरना ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण गाडी स्वतः चालत असताना आपत्कालीन ब्रेक लागणार नाही, अशीच तिची रचना होती. फौजदारी खटला मात्र फक्त गाडीत देखरेखीला बसलेल्या चालक महिलेवर झाला. मला हे आजही पटत नाही.