अंगठा आधी की बोटं आधी? फ्रीस्टाइलमधला खांदेदुखीचा घोळ

फ्रीस्टाइल पोहणं तुम्हाला येतं, तेव्हा पाय मारणं, श्वास घेणं सोडून देऊ. मुद्दा हात पाण्यात शिरतो त्या क्षणाचा. कोणी तळहात बाहेर वळवून अंगठ्याच्या कडेने हात घालतं, कोणी तळहात खाली ठेवून आधी बोटांची टोकं. 'दोन्ही चालतं, सवयीचा भाग आहे' हे ऐकून कान किटले. खांद्याला मात्र बोटं आधी घातलेलीच चालतात.

अंगठा मनगटातून वळतो असं बहुतेकांना वाटतं, तिथेच सगळं फसतं. करून बघा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा, तळहात जमिनीकडे करा. आता अंगठा आणखी खाली वळवा. कोपर बरगडीपासून सुटल्याशिवाय तो फारसा हलणार नाही, कारण कोपराखालच्या हाताचं फिरणं तिथे संपलेलं असतं. मग हात समोर सरळ ताणा. अंगठा झटकन खाली जातो! हे जास्तीचं फिरणं दंडाचं हाड खांद्यात आत वळल्यामुळे मिळतं. उचललेला हात असा आत वळला की खांद्याच्या टोकाच्या हाडाखालची जागा आक्रसते आणि तिथून जाणारी सुप्रास्पिनेटस या हात उचलणाऱ्या स्नायूची कंडरा चेपली जाऊ शकते. २५ मीटरला २० हात धरले तर १ किलोमीटरला ८०० होतात, म्हणजे एकेका खांद्याच्या वाट्याला ४००.

'अंगठ्याने घातला की पाणी कमी उडतं' हा लाडका युक्तिवाद. अहो, ही सूर मारायची स्पर्धा नव्हे, उडालेलं पाणी बघून कोणी गुण देत नाही. आणि कोपर मनगटाच्या वर, मनगट बोटांच्या वर ठेवलंत तर बोटंही सुळकन आत जातात.

बाकीचं थोडक्यात. हात खांद्याच्या रेषेत घाला. डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडलीत तर तीच कंडरा पुन्हा चेपली जाऊ शकते. हात डोक्याच्या जरा पुढे पाण्यात शिरू द्या आणि उरलेली लांबी पाण्याखाली गाठा. हवेतच हात पूर्ण ताणून पाण्यावर आपटणारे लोक मला बघवत नाहीत.

सवय मोडायला हात पुढे आणताना बोटांची टोकं पाण्यावरून घासत आणा, अगदी सावकाश. दमल्यावर अंगठा हळूच पुन्हा खाली वळायला लागतो, तेव्हा शेवटच्या फेऱ्यांत लक्ष हातावर ठेवा. त्या कुशीवर झोपताना खांदा ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.