रूट कॅनॉलनंतर दाढ कशावर टिकते?

‘एका सिटिंगमध्ये रूट कॅनॉल’, ‘लेझर रूट कॅनॉल’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. पेशंटही मशीन कुठलं, सिटिंग किती, एवढंच विचारतात. दाढ पुढं किती वर्षं टिकणार हे बहुतांशी दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं.

खरा शत्रू जंतू. १९६५ साली संशोधक काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून आतली नस उघडी पाडली. नेहमीच्या उंदरांची नस सडली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची मात्र, भोकात अन्न अडकूनही, जिवंत राहिली. वर नवं डेंटिनही, म्हणजे दाताचा आतला कठीण थरही, तयार झाला.

आता मुळाच्या आत पाहा. कॅनॉल, म्हणजे मुळातली नसेची वाट, ही सरळ, गोल नळी नव्हे. तो चपटा असतो, त्याला फाटे असतात. निकेल-टायटॅनियमची लवचीक फाइल, म्हणजे कॅनॉल खरवडायची बारीक सुई, फिरवूनही भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग अस्पर्श राहतो, असं सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये दिसलं आहे. शिवाय भिंतीत एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य सूक्ष्मनलिका असतात. एंटेरोकोकस फीकॅलिससारखे चिवट जंतू तिथं दडतात आणि फाइलनं निघालेला चुरा या नलिकांची तोंडं लिंपून टाकतो. ईडीटीए हे द्रव्य चुऱ्याच्या या थरातलं कॅल्शियम ओढून घेतं. सोडियम हायपोक्लोराइट मृत ऊती विरघळवतं, जंतू मारतं. पण त्यातला क्लोरीन या कामात खर्च होत जातो, म्हणून ते पुन्हा पुन्हा ताजं सोडावं लागतं. मुळाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तर ते तिथं पोचतही नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक कंपनं देतात. डॉक्टर ‘नुसतं पाणी मारत बसले’ असं वाटतं, तेव्हा खरा उपचार चालू असतो.

 

१९९० च्या एका स्वीडिश अभ्यासात मुळाशी सूज नसलेले ९६ टक्के दात आठ-दहा वर्षांनी निरोगी होते; नस मेलेली आणि मुळाशी सूज असलेल्यांपैकी ८६ टक्के. म्हणजे दुखणं अंगावर काढण्याची किंमत असते. अमेरिकेत २००४ साली विम्याच्या नोंदींतून चौदा लाखांहून अधिक दात तपासले, तेव्हा आठ वर्षांनी ९७ टक्के तोंडात होते. काढाव्या लागलेल्यांपैकी ८५ टक्के दातांवर कॅपच नव्हती! दुखणं थांबलं की पेशंट कॅप लांबवतो. पोखरलेली दाढ चावण्याच्या दाबानं चिरते, आणि चीर उभी मुळात उतरली की बहुतेकदा दाढ काढावीच लागते.